गोळ्या नियमित चालू असूनही फिट का थांबत नाहीत : मेंदूतील प्रथिने आणि औषधांना दाद न देणारा अपस्मार

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तर इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. आपल्या धाकट्या भावाचे वय २६ आहे. दीड वर्षाचा असताना त्याला तापात बराच वेळ आकडी आली होती आणि चौदाव्या वर्षापासून फिट येऊ लागल्या. सध्या कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम आणि क्लोबाझाम अशा तीन गोळ्या चालू आहेत. तरीही महिन्यातून तीन-चार वेळा तो एकटक पाहत राहतो, ओठ चाटतो, शर्टाच्या बटणाशी चाळा करतो आणि मिनिट-दोन मिनिटांनी हळूहळू भानावर येतो. काही वर्षांपूर्वी केलेल्या एमआरआयमध्ये दोष नसल्याचे लिहिले होते. 'याच्या मेंदूतील प्रथिने औषध बाहेर फेकतात, म्हणून गुण येत नाही' असे आपल्याला सांगण्यात आले. त्यावरून आपण चार गोष्टी विचारल्या आहेत : ही प्रथिने तपासता येतात का, वेरापामिल ही रक्तदाबाची गोळी देऊन ती बंद पाडता येतात का, आहारातील डाळी आणि अंडी कमी करावीत का, आणि हे घराण्यातून आले असेल का.

आहाराबद्दलची शंका लगेच मिटवतो. डाळ, अंडी, दूध यांतले काहीही कमी करू नका. खाल्लेली प्रथिने पचनात अमिनो आम्लांपर्यंत मोडली जातात आणि मेंदूतील प्रत्येक पेशी आपली प्रथिने आपल्या जनुकांच्या आराखड्यानुसार नव्याने घडवते. त्यामुळे वरण बंद केल्याने मेंदूतील एकही प्रथिन कमी होत नाही, अशक्तपणा मात्र येतो. अपस्मारात आहाराचा खराखुरा उपयोग ज्या ठिकाणी होतो ते ठिकाण वेगळे आहे, त्याकडे पुढे येईनच.

उरलेल्या तीन प्रश्नांना एकच सरळ उत्तर नाही, कारण 'मेंदूतील प्रथिने' असे म्हणताना आपण एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या अनेक यंत्रणा एकत्र बांधत असतो. त्यांपैकी काहींवर आज नेमका उपचार आहे, तर काहींवर प्रयोगशाळेतल्या आशादायक निष्कर्षांपलीकडे काही नाही. आपल्याला जी यंत्रणा सांगितली गेली ती दुसऱ्या प्रकारात मोडते. माझा अनुभव असा आहे की हे स्पष्टीकरण ऐकून कुटुंबे एखाद्या नव्या औषधाची वाट पाहत राहतात आणि जे आजच करता येण्यासारखे असते ते वर्षानुवर्षे राहून जाते. हे उत्तर मी मुख्यतः त्या काळजीपोटी लिहीत आहे.

औषधांना दाद न देणारा अपस्मार कशाला म्हणावे, हे आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये निश्चित केले. त्या त्या प्रकाराला योग्य अशी दोन औषधे, रुग्णाला सोसतील अशा पुरेशा मात्रेत, एकेकटी किंवा जोडीने नीट देऊनही फिट दीर्घकाळ थांबत नसतील तर त्या अपस्माराला हे नाव द्यावे, अशी ही व्याख्या आहे. दोन हा आकडा हवेतून आलेला नाही. ग्लासगो येथे क्वान आणि ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा पाठपुरावा करून २००० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार, त्यांपैकी पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या ४७० जणांत पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यानंतरच्या सगळ्या प्रयत्नांनी मिळून जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. त्यानंतर कितीतरी नवी औषधे बाजारात आली, पण साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत हे चित्र फारसे बदललेले नाही. यंत्रणा इतक्या वेगवेगळ्या असलेली औषधेही त्याच रुग्णांत निष्फळ का ठरतात, या कोड्यातूनच प्रथिनांचा शोध सुरू झाला.

आता आपल्याला सांगितलेल्या यंत्रणेकडे वळू. तिच्या केंद्रस्थानी पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन आहे. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांनी ते प्रथम दाखवले, आणि तेही अपस्मारात नव्हे, तर कोल्चिसिन या विषाला न जुमानणाऱ्या, चिनी हॅमस्टरपासून काढलेल्या पेशींत. पुढे कर्करोगाच्या गाठी एकाच वेळी अनेक औषधांना निगरगट्ट का होतात, याचे एक कारण म्हणून ते गाजले. निरोगी माणसाच्या मेंदूतही ते असतेच आणि तेथे त्याचे काम मोलाचे आहे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर, रक्ताच्या बाजूला ते बसलेले असते आणि रक्तातून पेशीत शिरू पाहणारी चरबीत विरघळणारी परकी रसायने ऊर्जा खर्चून परत रक्तात ढकलते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो अडथळा आपण मानतो, त्यात पेशींमधल्या घट्ट सांध्यांइतकाच या पंपाचाही वाटा आहे.

१९९५ मध्ये टिश्लर आणि सहकाऱ्यांनी, औषधांना दाद न दिल्यामुळे शस्त्रक्रिया करून काढलेल्या १९ रुग्णांच्या मेंदूच्या ऊतींमध्ये हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा संदेश मोजला. त्यांपैकी ११ नमुन्यांत तो दहापटींहून अधिक वाढलेला आढळला. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी असे दाखवले की फिटच्या उगमस्थानी हे प्रथिन केवळ रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरच नव्हे, तर एरवी जेथे ते जवळजवळ नसते अशा तारापेशींवरही, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवरही, दिसू लागते. ते वाढण्याचे कारणही पुष्कळसे उलगडले आहे. फिटमध्ये चेतापेशींतून ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते, ते केशवाहिन्यांच्या पेशींवरील एनएमडीए रिसेप्टरला (रासायनिक संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चेतवते, तेथून सीओएक्स-२ हे दाहाशी संबंधित विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि त्याच्या पाठोपाठ पंपाचे उत्पादन वाढते. म्हणजे वारंवार येणारी फिट स्वतःच औषधाची वाट अडवण्याची व्यवस्था बळकट करत जाते. उंदरांमध्ये टारिक्विडार हा या पंपाचा रोधक फेनोबार्बिटॉल या फिटच्या जुन्या औषधाच्या जोडीने दिल्यावर, ज्या उंदरांना एकटे फेनोबार्बिटॉल लागू पडत नव्हते त्यांच्यातील बहुतेकांच्या फिट कमी झाल्या. २०१३ मध्ये पेट स्कॅनच्या साहाय्याने, किरणोत्सारी कार्बन जोडलेले वेरापामिल वापरून, जिवंत रुग्णांच्या मेंदूतही हा पंप मोजला गेला. टेम्पोरल लोबच्या (कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागाच्या) अपस्मारात ज्यांच्या फिट थांबलेल्या नव्हत्या त्यांच्या मेंदूच्या काही भागांत त्याचे काम, फिट थांबलेल्या रुग्णांच्या तुलनेत, जास्त आढळले.

इतके सुसंगत पुरावे वाचले की वेरापामिल सुरू करावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि आपण तो प्रश्न विचारलात हे चांगले केलेत. उत्तर मात्र स्पष्टपणे नकारार्थी आहे. वेरापामिल या पंपाला काही प्रमाणात अडवते हे खरे, पण ज्या मात्रेत माणसाला ते सुरक्षितपणे देता येते त्या मात्रेत मेंदूतील पंप पुरेसा बंद पडत नाही, आणि अपस्मारात जोडऔषध म्हणून त्याच्या ज्या लहान चाचण्या झाल्या त्यांतून भरवशाचा फायदा हाती लागलेला नाही. आपल्या भावाच्या बाबतीत तर ते थेट धोक्याचे आहे. कार्बामाझेपिन यकृतातील ज्या विकरामुळे मोडते, त्याच विकराला वेरापामिल रोखते. कार्बामाझेपिनची मात्रा तीच ठेवूनही रक्तातली पातळी चढते आणि एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, उलट्या, गुंगी अशी विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. हृदयाचे ठोके मंदावणे आणि रक्तदाब उतरणे हे वेगळेच. पंपाचे अधिक बलवान रोधक अपस्मारासाठी उपलब्ध नाहीत. शिवाय हा पंप आतड्यांत, यकृतात आणि मूत्रपिंडातही काम करत असल्याने तो सरसकट बंद करणे शरीराला झेपेलच असे नाही.

या सिद्धान्ताच्या मर्यादाही कुटुंबांना सांगितल्या जायला हव्यात. फिटच्या औषधांपैकी फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटॉल यांना हा पंप ओळखतो, पण व्हाल्प्रोएटला माणसातील पंप वाहून नेत नाही, आणि कार्बामाझेपिनबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. असे असूनही पुष्कळ रुग्ण व्हाल्प्रोएटलाही दाद देत नाहीत. हा पंप बनवणाऱ्या एबीसीबी१ या जनुकातील एका फरकामुळे औषधे लागू पडत नाहीत असा २००३ मधला निष्कर्ष नंतरच्या अनेक मोठ्या पाहण्यांत टिकला नाही, म्हणून त्या जनुकाची तपासणी करून घेण्यात पैसे घालवू नयेत. एक साधे निरीक्षण आपण घरीही करू शकता. भावाला सकाळची गोळी घेतल्यावर तास-दोन तासांनी गरगरणे, डोळ्यांपुढे दोन प्रतिमा येणे असे होत असेल, तर औषध मेंदूत पोहोचते आहे हे नक्की. ते फक्त नेमक्या त्या छोट्या भागात अपुरे पडत असेल किंवा तेथे पोहोचूनही काम करत नसेल. मेंदूभर औषधाला बंदी आहे, असे चित्र मनातून काढून टाका.

पोहोचूनही काम न करणे, ही दुसरी यंत्रणा. बरीच जुनी औषधे चेतापेशींवरील सोडियम वाहिन्या, म्हणजे सोडियम आत सोडणारी दारे असलेली प्रथिने, यांच्यावर काम करतात. पेशी भराभर ठिणग्या टाकू लागली की औषध त्या वाहिनीला चिकटून बसते आणि तिला पुन्हा उघडायला वेळ लावते, त्यामुळे साधे काम चालू राहते आणि फिटचा भडिमार थांबतो. जर्मनीतील बॉन येथे रेमी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातील पेशींवर थेट कार्बामाझेपिन सोडून पाहिले. ज्यांना ते औषध लागू पडत असे त्यांच्या पेशींत अपेक्षित परिणाम दिसला. ज्यांना पडत नव्हते त्यांच्या पेशींत तो जवळजवळ नाहीसा झाला होता. येथे मध्ये कोणताही अडथळा नव्हता, कोणताही पंप नव्हता. वाहिनीच बदललेली होती. २००३ मधल्या या प्रयोगाने माझ्यासारख्या अनेकांचे विचार बदलले, कारण त्यामुळे औषधाची मात्रा वाढवत नेण्याला एका ठिकाणी अर्थ उरत नाही हे डोळ्यांपुढे आले. लेव्हेटिरासिटाम ज्या प्रथिनाला चिकटते, ते एसव्ही२ए, चेतापेशींच्या रसायनाच्या पिशव्यांवर असते, आणि टेम्पोरल लोबच्या अपस्मारात काढलेल्या ऊतींत त्याचेही प्रमाण घटलेले आढळले आहे.

याच प्रकारातली एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक घराने समजून घ्यावी, कारण तिचा संबंध मिनिटांशी आहे. मिडाझोलॅम, लोराझेपाम, क्लोबाझाम ही औषधे गॅबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या गॅबा-ए या रिसेप्टरवर काम करतात. हा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतो तोवरच औषधाला तो सापडतो. फिट लांबत गेली की पेशी हे रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेतात, आणि उलट उत्तेजना वाढवणारे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर येतात. प्राण्यांवरील प्रयोगांत हा बदल तासाभराच्या आतच ठळक होतो. म्हणून जे औषध पाचव्या मिनिटाला एका मात्रेत फिट थांबवते, तेच पाऊण तासाने रुग्णालयात दुप्पट देऊनही पुरे पडत नाही. अंग आखडून झटके येणारी फिट पाच मिनिटांपुढे गेली की ती आपोआप थांबेल अशी वाट पाहायची नाही. नाकात फवारायचे मिडाझोलॅम आता सहज मिळते. वजनानुसार किती फवारे द्यायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तो कागद औषधाच्या बाटलीबरोबर ठेवा, आणि भाऊ ज्यांच्यासोबत काम करतो त्यांपैकी निदान एकाला ते शिकवून ठेवा. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे यांत ही मोलाची मिनिटे जातात आणि दुखापत होते.

क्लोराइड आत-बाहेर करणारी केसीसी२ आणि एनकेसीसी१ ही प्रथिनेही महत्त्वाची आहेत. त्यांचा तोल बिघडला की एरवी शांत करणारे गॅबाच पेशीला उत्तेजित करू लागते. मात्र त्यावर आधारलेली, नवजात बाळांमधली बुमेटानाइड या औषधाची युरोपातील चाचणी उपयोग न दिसल्यामुळे आणि ऐकण्यावर दुष्परिणाम झाल्यामुळे थांबवावी लागली. दाहाशी संबंधित एचएमजीबी१ आणि इंटरल्यूकिन-१ यांवरही बरेच काम सुरू आहे. रोजच्या उपचारात त्यातून अजून फार थोडे उतरले आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आता ज्या प्रथिनांमुळे उपचाराची दिशाच बदलते, त्यांच्याकडे येतो. ही उदाहरणे बहुतेक लहान मुलांची आहेत आणि आपल्या भावाला ती लागू होण्याची शक्यता कमी आहे, तरी लिहितो, कारण ज्यांना लागू आहेत त्यांच्यासाठी त्यांचे मोल फार मोठे आहे.

पहिले ड्राव्हे सिंड्रोम. फ्रान्सच्या शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि २००१ मध्ये त्याचे कारण एससीएन१ए या जनुकात सापडले. हे जनुक एनएव्ही१.१ नावाची सोडियम वाहिनी बनवते, जी मुख्यतः आवर घालणाऱ्या चेतापेशींत असते. ही वाहिनी निम्मीच बनली की लगामच सैल पडतो. अशा मुलाला कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन दिले तर उरलीसुरली वाहिनीही दबते आणि फिट वाढतात. म्हणजे 'औषधाला दाद देत नाही' असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते, त्याला पुष्कळदा औषधच बिघडवत असते. सुदृढ बाळाला पहिल्या वर्षातच, ताप आल्यावर किंवा कढत पाण्याने न्हाऊ घालताना, शरीराच्या एकाच बाजूला आणि लांबलचक फिट येत असतील, तर हे निदान मनात आलेच पाहिजे. आपल्याकडे बाळाला चांगल्या गरम पाण्याने न्हाऊ घालण्याची पद्धत असल्याने, अंघोळीच्या वेळी फिट येते का हा प्रश्न मी प्रत्येक आईला आवर्जून विचारतो. लसीनंतर ताप येऊन पहिली फिट आली की दोष लसीला दिला जातो. बर्कोविक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, लसीमुळे मेंदूला इजा झाल्याचे मानलेल्या १४ जणांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ११ जणांत एससीएन१ए मधला दोष आढळला. या मुलांसाठी व्हाल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन आणि शुद्ध कॅनाबिडिऑल ही दिशा आहे. शिल्लक राहिलेल्या निरोगी जनुकाकडून जास्त प्रथिन बनवून घेणाऱ्या उपचाराच्या चाचण्याही सुरू आहेत. याच्या अगदी उलट, एससीएन८ए किंवा केसीएनक्यू२ या जनुकांतील काही दोषांत कार्बामाझेपिनसारखी औषधेच सर्वांत चांगली ठरतात. एससीएन१ए आणि एससीएन८ए यांची नावे सारखी, कुटुंब एकच, आणि उपचार परस्परविरुद्ध. जनुकाची तपासणी येथे खऱ्या अर्थाने कामाला येते.

दुसरे उदाहरण आहाराशी जोडलेले आहे. रक्तातील साखर मेंदूत नेणाऱ्या ग्लट-१ या प्रथिनात दोष असेल तर रक्तात साखर पुरेशी असूनही मेंदू उपाशी राहतो. डी व्हिवो यांनी १९९१ मध्ये हा आजार ओळखला. सकाळी उपाशीपोटी फिट किंवा चालण्यातला डळमळीतपणा जास्त, आणि न्याहारीनंतर बरे, अशी हकिकत पालक सांगतात. तपासणी साधी आहे, पण ती शिस्तीने करावी लागते. मुलाला चार-सहा तास उपाशी ठेवून आधी रक्तातील साखरेचा नमुना घ्यायचा आणि मग पाठीतले पाणी काढायचे. क्रम उलटा झाला, तर सुई टोचल्याच्या ताणाने रक्तातली साखर चढते आणि दोन्हींची तुलना फसते. पाठीतल्या पाण्यात साखर दर १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली आणि रक्ताच्या तुलनेत निम्म्याहून कमी असली, आणि मेंदूज्वराची चिन्हे नसली, की संशय बळावतो. उपचार म्हणजे कीटोजेनिक आहार : चरबी भरपूर, पिष्ट अगदी मोजके, जेणेकरून शरीर चरबीपासून कीटोन हे पर्यायी इंधन बनवते आणि कीटोन दुसऱ्या वाहक प्रथिनाच्या वाटेने मेंदूत जातात. भात, भाकरी, पोळी, बटाटा, गूळ यांना जवळजवळ सुट्टी द्यावी लागते आणि तूप, खोबरे, पनीर, अंडी, शेंगदाणे यांची मापे ग्रॅममध्ये ठरतात. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घरच्या घरी सुरू करू नये, विशेषतः व्हाल्प्रोएट चालू असताना. वेळेवर निदान झालेल्या मुलांच्या फिट याने थांबताना मी पाहिल्या आहेत, आणि त्याआधी त्यांना चार-चार औषधे देऊन झालेली होती. नवजात बाळात ब-६ जीवनसत्त्वाशी निगडित अँटिक्विटिन या विकराचा दोष असेल, तर पायरिडॉक्सिन हे स्वस्त ब-६ जीवनसत्त्व जे करते ते कोणतेही फिटचे औषध करत नाही.

ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारात हॅमार्टिन किंवा ट्यूबेरिन या प्रथिनाच्या अभावी एमटॉर नावाची वाढीची यंत्रणा मोकाट सुटते. एव्हरोलिमस हे औषध तिलाच रोखते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६६ रुग्णांच्या चाचणीत फिट निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटण्याचे प्रमाण जास्त मात्रेच्या गटात ४० टक्के, तर नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात १५ टक्के होते. या आजाराची खूण पुष्कळदा अंगावरच असते. पानाच्या आकाराचे फिकट पांढरे चट्टे असतात आणि घरात त्यांना कोड समजून लपवले जाते. गालांवरच्या तांबूस पुळ्यांना मुरूम समजतात. फिट येणाऱ्या मुलाचे कपडे काढून, शक्य तर अतिनील दिव्याखाली त्वचा पाहणे हे कोणत्याही महागड्या तपासणीच्या आधी व्हावे.

प्रौढांत मी एकच उदाहरण देतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एकाएकी दिवसातून अनेकदा, काही सेकंदांपुरते, तोंड आणि त्याच बाजूचा हात आकसण्याचे झटके येऊ लागले, स्मरणशक्ती ढासळली आणि रक्तातले सोडियम उतरलेले आढळले, तर शरीराने स्वतःच्याच एलजीआय१ या मेंदूतील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवलेली असू शकतात. त्याला फिटच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीवरच्या इतर उपचारांनी पडतो, आणि ते लवकर सुरू झाले तर स्मरणशक्तीही पुष्कळ वाचते.

आता आपल्या भावाबद्दल. बालपणी तापात लांबलेली आकडी, मधली शांत वर्षे, पौगंडावस्थेत सुरुवात, आणि ओठ चाटणे व हाताचा चाळा यांसह भान हरपणे, ही हकिकत टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पसमधील दोषाशी इतकी जुळते की साध्या एमआरआयच्या 'नॉर्मल' या शब्दावर मी थांबणार नाही. अपस्मारासाठीचा एमआरआय वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो : शक्यतो ३ टेस्लाच्या (अधिक शक्तिशाली चुंबकाच्या) यंत्रावर, पातळ छेदांत, आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेल्या चित्रांसह. तेव्हाच एका बाजूचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आणि अधिक पांढरा दिसतो. साध्या आडव्या छेदांत तो सहज निसटतो. जोडीला व्हिडिओ-ईईजी, म्हणजे रुग्णालयात काही दिवस ठेवून प्रत्यक्ष फिटचे चित्रण आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी घेणे. त्यातून दोन गोष्टी कळतात : फिट नेमकी कोठून सुरू होते, आणि ती खरोखर अपस्माराचीच आहे का.

दोष एकाच बाजूला आणि काढता येण्याजोगा आढळला, तर ज्या ऊतीत पंप वाढला आहे, वाहिन्या बदलल्या आहेत, रिसेप्टर हलले आहेत, ती ऊतीच काढून टाकणे हा आज उपलब्ध असलेला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कॅनडातील २००१ च्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के जण वर्षाअखेरीस भान घालवणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिट पूर्ण थांबण्याचे प्रमाण ७७ टक्के आणि ७ टक्के होते. शस्त्रक्रियेला धोके आहेत. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत शब्दांची स्मृती काहीशी कमी होऊ शकते, दृष्टीच्या एका कोपऱ्यावर परिणाम होऊ शकतो, आणि म्हणूनच आधी स्मृतीच्या सविस्तर चाचण्या होतात. परंतु अनियंत्रित फिटलाही धोके आहेत : भाजणे, पडणे, बुडणे, आणि ज्यांना अंगभर झटक्यांच्या फिट येत राहतात त्यांच्यात झोपेत अचानक होणारा मृत्यू. औषधांना दाद न देणे सिद्ध झाले की सत्तरीपर्यंतच्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणीसाठी पाठवावे, अशी आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२२ मधली शिफारस आहे. पाठवणे म्हणजे शस्त्रक्रिया ठरणे नव्हे. मुंबईचे केईएम, बंगळुरूचे निम्हान्स, तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा आणि दिल्लीचे एम्स येथे ही सोय आहे. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर मानेतून जाणाऱ्या व्हेगस चेतेचे (मज्जातंतूचे) उत्तेजन आणि कीटोजेनिकचाच सुधारित आहार हे मार्ग उरतात, पण त्यांचा विचार या तपासणीनंतर करायचा.

आनुवंशिकतेचे म्हणाल, तर या प्रकारच्या अपस्मारात थेट एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाणारे जनुक बहुतेक वेळा सापडत नाही, आणि आपल्या मुलांविषयी आपण केवळ भावाच्या आजारावरून घाबरण्याचे कारण नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या सालीच्या रचनेतला दोष निघाला, तर तो बरेचदा गर्भावस्थेत मेंदूच्या काही थोड्याच पेशींत झालेल्या बदलामुळे असतो. तो बदल रक्तात नसतो, त्यामुळे रक्तावरची जनुक-तपासणी स्वच्छ येते आणि तो पुढच्या पिढीत जात नाही. फिट पहिल्या-दुसऱ्या वर्षातच सुरू झाल्या, बुद्धीची वाढ खुंटली, घरात आणखी कोणाला आजार आहे, किंवा चांगल्या एमआरआयमध्येही काही सापडत नाही, अशांसाठी ती तपासणी मी राखून ठेवतो. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्यावरून कोणतेही औषध बदलू नये.

तज्ज्ञांकडे जाताना तीन गोष्टी बरोबर न्या. एक, फिटचे मोबाइलवरचे चित्रण, शक्यतो सुरुवातीपासूनचे, आणि त्यात त्याच्याशी बोलून तो उत्तर देतो का हे नोंदवलेले. आधी कोणता हात आखडला, भानावर आल्यावर शब्द सापडायला वेळ लागला का, याला निदानात फार महत्त्व असते. दुसरे, आजवरच्या प्रत्येक औषधाची जास्तीत जास्त मात्रा, किती महिने दिले आणि का बंद केले, याची यादी; पुष्कळदा त्यातून असे निघते की एखादे औषध पुरेशा मात्रेपर्यंत गेलेच नव्हते. तिसरे, कार्बामाझेपिनची रक्तातील पातळी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढलेली. जागरण, चुकलेल्या गोळ्या आणि दारू यांविषयी भावाशी एकट्याने, न रागावता बोला, कारण औषध शरीरात गेलेलेच नसेल तर प्रथिनांचा प्रश्न उद्भवतच नाही. आणि तोपर्यंत तीनपैकी एकही गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. क्लोबाझाम एकाएकी थांबवले तर लागोपाठ फिट येण्याचा धोका खरा आहे.